बीव्हरच्या बांधातला पाट

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी नवीन भेटलं आणि "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मी "ड्रेनेज बघतो" एवढंच सांगतो. समोरचा "हं हं" करतो आणि समोशाकडे वळतो. मला ते बरं पडतं. यंदा दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी "कामाबद्दल लिहा, गंमत येईल" असा आग्रह केला. गंमत आहे थोडी. ती आधी सांगतो.

मी कॅनडात, सस्काटूनच्या बाहेर एका ग्रामीण म्युनिसिपालिटीत नोकरी करतो. आपल्याकडची पंचायत समिती समजा, फक्त माणसं फार थोडी आणि रस्ते फार लांब. सरळ, खडीचे रस्ते. त्यांच्याखालून जागोजागी पत्र्याच्या गोल मोऱ्या घातलेल्या असतात, त्यांना इथं कल्व्हर्ट म्हणतात. पाण्यानं त्यातून मुकाट पलीकडं जावं, रस्त्यावर चढू नये, हे बघणं माझं काम. ते होऊ न देणं हे बीव्हरचं काम.

ज्यांनी बीव्हर पाहिला नाही त्यांनी एक गुबगुबीत, तपकिरी, कुत्र्याएवढा प्राणी डोळ्यासमोर आणावा. शेपूट उलथन्यासारखं चपटं आणि पुढचे दात गाजराच्या रंगाचे. त्या दातांनी तो झाडं पाडतो, ओढ्यावर फांद्या, दगड, चिखल रचून बांध घालतो, आणि मागं साठलेल्या तळ्यात फांद्यांचंच घुमटासारखं घर करतो. घराचं दार पाण्याखाली, म्हणजे कोल्ह्यालांडग्याला वाटच नाही. हिवाळ्यात तळं वरून गोठतं. तो आधीच पॉप्लरच्या फांद्या तळाशी रोवून ठेवतो आणि बर्फाखालून पोहत जाऊन ताजी साल खातो. सगळा संसार पाण्याच्या उंचीवर उभा. पाणी गेलं की दार उघडं, कोठार उघडं.

मी दुष्काळी माण तालुक्यातला. कॉलेजात एनएसएसच्या शिबिरात आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्याला बंधारे घालायचो. गुडघाभर पाणी अडलं तरी गाव बघायला यायचं. बायका काठावर बसून नुसता हात बुडवून ठेवायच्या. अशा गावच्या माणसाला परदेशात पगार मिळाला तो अडलेलं पाणी सोडून देण्याचा. पहिली काही वर्षं मला यात विनोद दिसायचा.

विनोद होतेही. एका बाईंनी फोन केला होता, "तुमच्या बीव्हरनं माझं सफरचंदाचं झाड नेलं." त्यातलं 'तुमच्या' मला फार आवडलं. एकदा नव्या रस्त्यासाठी आम्ही दिवसभर मोजणी करून नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. सकाळी खुंट्या गायब. खालच्या बांधावर मात्र ओळीनं नारिंगी फिती फडफडत होत्या. आमचा मशीन चालवणारा डेल टोपी मागं सारून म्हणाला, "बॉस, त्यांनी तुझा प्लॅन अप्रूव्ह केलाय. जागा फक्त बदललीये."

हा डेल माझा या धंद्यातला जोडीदार. जाडजूड, मिशाळ, हसला की पोट हलतं. एका कल्व्हर्टपाशी आम्ही रोज चिखल काढायचो आणि रोज सकाळी तो पुन्हा ठासून भरलेला असायचा. शेवटी आम्ही दोघं तिथं नुसते उभे राहून ऐकत राहिलो. पाणी पत्र्यातून जाताना खळखळत होतं. बीव्हरला तो आवाज सोसत नाही. पाणी वाहतंय असं कानावर पडलं की तो उठतो आणि आवाज थांबेपर्यंत फांद्या टाकत राहतो. यावर एक साधा उपाय आहे. बांधातून एक लांब पाइप घालायचा, त्याचं तोंड तळ्याच्या मध्यावर, खोल, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं. पाणी बिनआवाज निघून जातं. तळं हवं तेवढंच राहतं, रस्ता कोरडा राहतो आणि बीव्हर निवांत झोपतो. आम्ही असे पाइप पुष्कळ ठिकाणी घातले. त्याचा मला अभिमान आहे.

एका ठिकाणी घातला नाही. हे सगळं त्या एका जागेसाठी लिहितोय.

ती जागा नलिनीकाकूंची. काकू आणि डॉक्टरकाका इथल्या सगळ्यात जुन्या मराठी जोडप्यांपैकी. काकांनी हॉस्पिटलात माणसांना भूल देण्यात जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर गावाबाहेर एक घर घेतलं. घरामागं उतार, उताराखाली ओढा, ओढ्यावर बीव्हरचं तळं. मी, माझी बायको मेघना आणि तेव्हा कडेवर असलेली आमची मुलगी नवीन आलो, तेव्हा पहिली पुरणपोळी काकूंच्या हातची खाल्ली. पहिले विंटर टायर काकांनी घेऊन दिले. सख्खे कोण असतात मग?

उन्हाळ्यात इथं सूर्य मावळायला तयार नसतो. जेवण उरकून आम्ही तळ्याकाठी खुर्च्या टाकून बसायचो. पाणी आधी गुलाबी, मग राखाडी, मग कशाचाच रंग नाही असं व्हायचं. धुकं पाण्यावरून उठायचं आणि पॉप्लरच्या खोडांमधून माणसासारखं चालत जायचं. अशा वेळी पाण्यावर इंग्रजी व्हीसारखी एक रेघ उमटायची. तिच्या टोकाशी एक छोटं डोकं. काका हळूच म्हणायचे, "आले मालक."

काका बोलायला लागले की ऐकत राहावं. "अरे सुहास, हा सगळा देश टोपीसाठी शोधला गेला, माहितीये? युरोपातल्या साहेबांना डोक्यावर बीव्हरच्या लोकरीची फेल्ट हॅट हवी. मग काय, एका नदीतले संपले की पुढच्या नदीत. असं करत करत इथले मूळ लोक आणि गोरे व्यापारी मिळून पार पश्चिमेपर्यंत. खालती अमेरिकेतही तेच. नकाशे झाले, किल्ले झाले, लढाया झाल्या. आणि हा बिचारा जवळजवळ संपला. मग साहेबांना रेशमी हॅट आवडायला लागली, म्हणून थोडे वाचले."

"आणि आता पाच सेंटच्या नाण्यावर बसवलाय," काकू म्हणायच्या. "मारायचं आणि मग फोटो लावायचा. सगळीकडं तीच रीत."

काका म्हणायचे, या खंडावर पूर्वी प्रत्येक ओढ्याला असे बांध होते. सगळा मुलूख स्पंजासारखा ओला. बीव्हर गेले, बांध फुटले, तळी आटली आणि तळाचा काळा गाळ उघडा पडला. पुढं शेतकरी आले, त्यांना सपाट, काळी, आयती जमीन मिळाली. "त्यांना वाटलं देवानं दिली. देवानंच दिली म्हण, फक्त तो देव चपट्या शेपटीचा."

मंडळाच्या गणपतीचं विसर्जन काकूंच्या तळ्यातच व्हायचं. मूर्ती शाडूची, काकू स्वतः घडवायच्या. तिला न्यायला एक शिसवी पाट होता, काकूंच्या लग्नात त्यांच्या आईनं दिलेला, कडेनं पितळी फुल्या ठोकलेला. एका वर्षी विसर्जनाच्या गडबडीत तो पाट काठावरच राहिला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो नाही. खूप शोधला. काकू हिरमुसल्या. काका म्हणाले, "नलू, अगं बीव्हरांनी नेला. त्यांच्याकडं यंदा पाटावर बसलेत गणपती." त्यानंतर मूर्ती परातीतून जायला लागली. पुढं थोड्याच दिवसांत काका गेले. काकू एकट्या त्याच खुर्चीत बसून तळ्याकडं बघायच्या. मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, कोक्विटलामला. "आई, कम लिव्ह विथ अस" म्हणायचा. काकू म्हणायच्या, "इथं मी एकटी कुठाय?"

त्या काळात मी एका देशी कुटुंबाच्या फाटकापाशी नवीन कल्व्हर्ट मंजूर केला होता. नियमात बसत होता. पण ऑफिसात कॉफी ओतता ओतता कुणीतरी हसत म्हणालं, "कझिन्सची काळजी घेतोयस, एह्?" मीही हसलो. आणि ते वाक्य घरी घेऊन गेलो. मेघनालाही सांगितलं नाही. आपल्या लोकांपैकी जे परक्या ऑफिसात बसलेत त्यांना हे कळेल. आपण सरळ आहोत हे दाखवायला आपण आपल्याच माणसाशी वाकडं वागतो, आणि त्याला तत्त्व म्हणतो.

शरदात तक्रार आली. काकूंच्या तळ्याचं पाणी रस्त्याच्या कडेला लागलं होतं. तक्रार पलीकडच्या शेतकऱ्याची, खरी होती. मी आणि डेल पाहायला गेलो. काकू तेव्हा नाशिकला भावाकडं दिवाळीला गेल्या होत्या.

"पाइप टाकू या," डेल म्हणाला. "दोन दिवसांचं काम. ही तुझ्या आंटीची जागा ना?"

त्या 'आंटी'नं माझ्या कानात ती कॉफी पुन्हा ओतली.

"म्हणूनच नको," मी म्हणालो. "बांध काढ."

डेलनं काठाकडं बोट दाखवलं. काठाला काचेसारखा पातळ बर्फ धरला होता. "आत्ता? फ्रीझ-अपच्या, तळी गोठायच्या तोंडावर? घरात पिल्लं आहेत, बॉस."

"सगळ्यांना तोच नियम."

"युवर कॉल," तो म्हणाला.

असं काम करण्याआधी जागेच्या मालकाला कळवावं लागतं. ते कळवणं माझ्याकडं होतं. काकूंचा नाशिकचा नंबर माझ्या फोनात होता. ऑफिसात मी "कळवलंय" म्हणून सांगितलं. काकूंना फोन केला असता तर त्या "पाइप टाक की रे" म्हणाल्या असत्या, आणि मला टाकावा लागला असता.

आपल्याकडं ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात तसल्या यंत्रानं बांध काढायला सकाळ पुरली. पाणी आधी विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग एकदम निघालं. तळं खाली खाली जात राहिलं. मधलं घर उघडं पडलं, त्याची पाण्याखालची दोन दारं काळ्या तोंडासारखी बाहेर आली. हिवाळ्यासाठी रोवलेल्या हिरव्या फांद्या चिखलात आडव्या झाल्या. डेलच्या यंत्रानं एक शेवटची बादली वर उचलली. चिखल, काटक्या, आणि मधे एक सरळ, चौकोनी कड. पितळेच्या फुल्या उन्हात चमकल्या.

बांधाच्या पार पोटात बसवला होता त्यांनी तो पाट. चिखलानं लिंपून, दोन्ही बाजूंनी फांद्यांनी जखडून. काका म्हणाले होते ते खरं निघालं, आणि ते ऐकायला काका नव्हते. मी पाट पिकअपमध्ये टाकला, घरी नेला आणि बेसमेंटमध्ये विंटर टायरच्या मागं, चादरीत गुंडाळून उभा केला. त्या बीव्हरांचं काय झालं ते मी पाहायला गेलो नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला पाहायला जावं लागत नाही, माहीत असतं.

काकू परत आल्या आणि फोन आला. "सुहास, पाणी कुठं गेलं रे?"

"बांध गेला, काकू." हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. "कधी कधी ते जागा सोडतात."

मग म्हणाल्या, "मी झाडांना जाळ्या लावल्या म्हणून का?"

त्या उन्हाळ्यात काकांनी लावलेली पॉप्लरची झाडं वाचवायला त्यांनी खोडांना तारेची जाळी गुंडाळली होती. सल्ला माझाच. तेव्हा मी "नाही हो" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "असू शकेल."

आयुष्यात मी पुष्कळ बांध फोडले. पण सगळ्यात वाईट फुटलं काय असेल, तर माझ्या तोंडून हे दोन शब्द.

त्यानंतर काकू दर पाडव्याला, दर गणपतीत कुणाला ना कुणाला सांगायच्या, "मी त्यांच्या तोंडचं काढून घेतलं. चार झाडांचा लोभ केला." लोक त्यांची समजूत घालायचे. मी ताटात बघत बसायचो. ओढ्याची एक बारीक दोरी उरली होती. बदकं यायची थांबली, बेडूक गप्प झाले. पुढं एक कोरडा उन्हाळा आला, जंगलांतल्या वणव्यांच्या धुरानं सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा, तेव्हा त्या तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याच्याच गुरांना पाणी उरलं नाही. तो ऑफिसात येऊन मला विचारत होता, "ते तळं होतं ना तिथं?"

मला एक स्वप्न पडायचं. बेसमेंटच्या जिन्यावरून पाणी अगदी हळू, आवाज न करता वर येतंय. त्यावर पाट तरंगतोय. त्याच्यावर कुणी नाही. मी पायरीवर बसून नुसता पाहतोय, आणि भीती अशी वाटत नाही. वाटतं, आलं ते बरं झालं.

गेल्या वसंतात काकूंचा फोन आला. घर विकायचं ठरलं होतं, कोक्विटलामच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, मुलाच्या शेजारी राहायला जायचं. "मंडळाची मोठी पातेली घेऊन जा. आणि एक विचारायचंय. तू पाण्यातला माणूस. इथं ते परत येतील का रे कधी? येणार असतील तर मी थांबते. माझ्यामुळंच गेले असतील, तर मग कशाला थांबू?"

मी मेघनाला त्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पातेली नंतर आण. आधी पाट ने."

काकू स्वयंपाकघरात स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी चादर सोडून पाट टेबलावर ठेवला. त्यांनी हात पुसले. एकेका फुलीवरून बोट फिरवलं. एक फुली गळाली होती, तिथं बोट थांबलं.

"कुठं मिळाला?"

"बांधात. बांध मी काढायला लावला, काकू. तुम्ही नाशिकला होतात. पाइप घालता आला असता. मी घातला नाही. तुमच्या जाळ्यांचा काही संबंध नव्हता."

त्या उभ्याच राहिल्या. "तू."

"हो."

"पिल्लं होती?"

"होती."

"बर्फाच्या आधी?"

"हो."

त्यांनी एक डबा उचलला, कागदात गुंडाळला, आणि पुन्हा सोडला. "मी दर वर्षी, त्या देवासमोर..." वाक्य तिथंच राहिलं. "आणि तू माझ्यासमोर बसून मोदक खात होतास."

मी सोडलेली चादर गोळा केली.

"जा आता, सुहास. पातेली राहू देत."

पुढचे काही आठवडे फोन नाही. मग एका रविवारी आला. नमस्कार नाही, काही नाही. "तू गावी बंधारे घालायचास म्हणून सांगायचास ना लोकांना? मग घाल. डॉक्टरांच्या ओढ्यावर. मी जुलै-ऑगस्ट थांबते. पुढचं बघू."

या वेळी मी ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं, ही माझ्या काकूंची जागा आहे, मी यात निर्णय घेणार नाही, दुसऱ्या कुणीतरी घ्या. त्या जुन्या कामाबद्दलही सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही. सही दुसऱ्यानं केली. रस्ता वाचवण्यासाठी बिनआवाजाचा पाइप हवा, ही अट त्यानंच घातली.

असे बांध आता बऱ्याच ठिकाणी मुद्दाम घालतात. ओढ्यात ओळीनं खुंट ठोकायचे, त्यांच्यात विलो झाडाच्या लवचीक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या, चिखलानं लिंपायचं आणि बीव्हरची वाट पाहायची. शनिवारी डेल स्वतःचं खुंट ठोकायचं यंत्र घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं. मंडळातली सॉफ्टवेअरवाली पोरं नव्या कोऱ्या गमबुटांत आली. पुण्याचा एक जण चिखलात रुतून माझ्याकडं बघत ओरडला, "काका, हे प्रॉडक्शनला कधी जाणार?" माझी मुलगी आता कॉलेजात आहे. ती म्हणाली, "बाबा, यू आर बिल्डिंग समथिंग. दॅट्स न्यू." काकू वरून, खुर्चीतून बघत होत्या. चहा सगळ्यांना आला. माझा कप मेघनानं आणून दिला.

पाणी चढलं, पण पोटरीभरच. गणपतीचं विसर्जन त्यातच केलं, पाटावरून नेऊन. मूर्ती अर्धी बुडाली आणि अर्धी उन्हात विरघळत राहिली.

माझ्या बांधाला मधोमध गळती होती. पाणी सारखं झुळझुळायचं. इतकी वर्षं तो आवाज बंद ठेवण्याचा पगार घेतलेला माणूस मी, मला ते सहन होईना. चिखल घेऊन निघालो तर डेलनं खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, बॉस. हाक जाऊ दे बीव्हरपर्यंत."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पॉप्लर पिवळे झाले आणि प्रत्येक वाऱ्यात नाण्यांसारखे खुळखुळले. काकूंनी घराचा सौदा पुढं ढकलला, हे मला मेघनाकडून कळायचं. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या.

मग एका सकाळी माझा फोन वाजला. "सुहास, पाण्याचा आवाज बंद झालाय."

मी गेलो. ओढ्यावर धुकं होतं. गळती होती तिथं पंजांनी थापलेला ताजा चिखल होता आणि त्यात साल सोललेली पांढरी फांदी, माझ्या विणकामातून आरपार ओवलेली. पाणी वीतभर चढलं होतं आणि अजिबात बोलत नव्हतं. माझं काम कुणीतरी तपासून दुरुस्त केलं होतं.

काकू शाल घेऊन काठावर उभ्या होत्या. माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या सगळ्यात जाड पॉप्लरकडं, काकांनी पहिल्यांदा लावलेल्या झाडाकडं, बोट केलं.

"गाडीत पक्कड आहे का?"

"आहे."

"आण. त्या झाडाची जाळी काढ."